दोन हातांनी बोलणाऱ्या आत्या

माझ्या घरमालकाच्या आत्यांइतकं बोलणारं माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, आणि त्यांच्या तोंडून एक शब्दही कधी ऐकलेला नाही. चौथ्या वर्षी ताप आला, त्यात कान गेले आणि तोंडाने बोलायचं राहूनच गेलं. पण गप्प बसणं हे काही त्यांच्या स्वभावात नव्हतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की त्यांची दहा बोटं सुरू होत, ती दिवा मालवेपर्यंत. दिवा मालवल्यावर मात्र नाइलाज. अंधारात बोलता येत नाही, ही देवाने त्यांच्यावर नव्हे, आजूबाजूच्या लोकांवर केलेली कृपा आहे, असं त्याच म्हणत. कणीक मळताना कुणी काही विचारलं तर तसेच भरलेले हात वर करून उत्तर देत, आणि वाक्य लांबलं की कणकेचे बारके गोळे समोरच्याच्या शर्टावर येऊन पडत. मी तर कामावर जाण्यापूर्वी आरशात बघून तेवढे काढून टाकायचो.

तेव्हा मी ऑकलंडमधलं शिक्षण संपवून ओटाहुहूच्या एका गोदामात नोकरीला लागलो होतो आणि हिल्सबरोला मंदारच्या घरामागच्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे अंगणातल्या सुट्या खोलीत, भाड्याने राहत होतो. मंदार इंजिनिअर, त्याची बायको शिल्पावहिनी बँकेत, इरा सात वर्षांची आणि नील चार. दोघंही दिवसभर बाहेर, तेव्हा पोरांकडे बघायला पुण्याहून कुणीतरी हवं होतं. मंदारची आई नव्हती, वहिनींच्या आईचे गुडघे दुखत. राहता राहिल्या आत्या. लग्न केलेलं नाही, नोकरीतून निवृत्त, आणि मंदारच्या शब्दांत सांगायचं तर "तशीही एकटीच असते." पुण्यात भावाच्या घरात, म्हणजे मंदारच्या वडिलांकडे, त्यांची एक स्वतंत्र खोली होती. तिला कुलूप लावून, किल्ली पर्समध्ये टाकून त्या व्हिजिटर व्हिसावर आल्या.

तीस वर्षं त्या पुण्यातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचत होत्या. यंत्रांच्या खडखडाटाने बाकीच्यांची डोकी उठत, आत्यांना त्याचं काहीच नव्हतं. निवृत्त झाल्या तरी हातातलं लाल पेन काही सुटलं नाही. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'मूकबधिर' असं लिहिलं होतं, त्यातलं 'मूक' त्यांनी लाल शाईने छाटून बाजूला 'काढून टाका'ची खूण केली होती. असा दाखला कुठल्याच कचेरीत चालेना. "चूक ती चूक," त्या म्हणायच्या. "मी बहिरी आहे. मुकी कोण म्हणतो?" ऑकलंडला आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी कोपऱ्यावरच्या डेअरीतल्या, म्हणजे तिकडच्या वाण्याच्या दुकानातल्या, टोमॅटोच्या पाटीवरचा फाजील अपॉस्ट्रॉफी खोडला. दुकानदार गुजराती काका बाहेर येऊन तावातावाने भांडले, तेवढा वेळ आत्या शांतपणे कांद्याची पाटी तपासत होत्या. महिन्याभरात काका नवी पाटी लावण्याआधी ती आत्यांना दाखवून घेऊ लागले. इराच्या शाळेच्या नोटिसा, मतं मागायला आलेल्या उमेदवाराची पत्रकं, चर्चबाहेरचा फलक, सगळ्यांवर लाल खुणा पडत. मी दुसऱ्या नोकरीसाठी लिहिलेला अर्ज तर असा परत आला की देवीची साथ आल्यासारखा दिसत होता.

आल्या-आल्या त्यांनी मला हाताची अक्षरं शिकायला लावली. लावली म्हणजे, शिकेपर्यंत चहा मिळणार नाही असं एका कागदावर लिहून तो फ्रिजवर चिकटवला. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. डाव्या हाताची पाच बोटं म्हणजे पाच स्वर: अंगठ्याच्या टोकाला उजवी तर्जनी टेकवली की ए, पुढच्या बोटाला टेकवली की ई, असं करत करंगळीपर्यंत यू. बाकीची अक्षरं दोन्ही हात जुळवून, नाहीतर तळव्यावर बोटं ठेवून. मराठी शब्दही त्या याच इंग्रजी अक्षरांत लिहायच्या. मी एकदा विचारलं, मराठीची वेगळी अक्षरं का नाही करत? "'ज्ञ'ला अकरावं बोट लागेल," त्या म्हणाल्या. मी दोन आठवड्यांत शिकलो. खरं तर त्यात शिकण्यासारखं फार नाही, सव्वीस अक्षरं आहेत, चहाच्या तलफेवर कुणालाही येतील. पण मंदारला ती चाळीस वर्षांत आली नव्हती. त्याच्या वडिलांना, म्हणजे आत्यांच्या सख्ख्या भावाला, साठ वर्षांत आली नव्हती. ते लोक आत्यांशी ओठ मोठे करून बोलत, नाहीतर "चल", "जेव", "बस" एवढ्या खुणा करत. अशा खुणांवर कुत्रंसुद्धा कंटाळतं, हे वाक्य माझं नाही, आत्यांचं.

जेवणाच्या टेबलावर मी महिन्यातून दोन-तीनदा असे, तेव्हा बघायचो. गप्पा रंगायच्या, कुणीतरी काहीतरी म्हणे, सगळे हसत. आत्या मंदारच्या दंडाला हात लावून भुवया उंचावत. मंदार म्हणे, "काही नाही गं, नंतर सांगतो." हा 'नंतर सांगतो' त्यांना ओठांवरून अचूक वाचता यायचा. त्यांनी मला सांगितलं, "लहानपणी दादा म्हणायचा, मग त्याची बायको, आता हा. सगळ्या घराण्यात हे दोनच शब्द नीट उच्चारतात." इराला मात्र आत्यांची बोटं आवडली होती. तिला मराठी सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीतून येई. आत्यांशी बोलताना तिचा तो प्रश्नच मिटला. दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसून भाजीची यथेच्छ निंदा करत. वहिनींच्या लक्षात आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इरा, हँड्स डाउन. जेवताना हात नाचवायचे नाहीत." आत्यांकडे न बघताच म्हणाल्या. इराने हात मांडीवर ठेवले. आत्यांनी पोळी वाढली.

एका गुरुवारी आत्या वाणसामान घ्यायला ओटाहुहूला आल्या आणि माझी सुट्टी होईपर्यंत बसस्टॉपवर थांबल्या. मी पोचलो तर त्यांच्याभोवती चार माणसं जमलेली. मला वाटलं, आत्यांनी वेळापत्रकावर लाल पेन चालवलं असणार. जवळ जाऊन बघतो तर दोन तरुण मुली, त्यातली एक माओरी, आणि त्यांच्या दोन मैत्रिणी, चौघी बहिऱ्या, आणि आत्यांशी बोटांनी बोलत होत्या! शब्दांच्या खुणा तिकडच्या वेगळ्या, आपल्याकडच्या वेगळ्या. पण अक्षरं दोन हातांची, एखाद-दुसरं सोडलं तर हुबेहूब आत्यांचीच. आत्यांनी आपलं नाव लिहिलं आणि त्या मुलींनी ते पहिल्या फटक्यात वाचलं. बसमध्ये बसल्यावर आत्यांचे हात बराच वेळ मांडीवर नुसते पडून होते. मग त्यांनी लिहिलं, "माझं नाव त्यांना बरोबर आलं. स्पेलिंगसकट." त्यांच्या सगळ्या मुक्कामात अख्ख्या बसप्रवासाला एकच वाक्य, असं तेवढ्याच वेळी झालं.

तिथल्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी बहिऱ्या लोकांचा क्लब भरे. आत्या जायला लागल्या. परत आल्या की मला अर्धा तास बातम्या: कोण कुणाशी भांडलं, कुणाचं लग्न ठरलं, चहा कसा पांचट होता. आणि एका म्हाताऱ्याबद्दल तक्रारी. हा कॅनडाचा. जहाजांवर सुतारकाम करायला म्हणून आला, इथल्याच एका बहिऱ्या बाईशी लग्न करून राहिला. ती होती तोवर त्याचं सगळं तीच लोकांना सांगायची. आता ती नव्हती आणि याने चाळीस वर्षांत दोन हातांची अक्षरं शिकलेली नव्हती. कॅनडा-अमेरिकेत अक्षरं एका हाताने करतात, सव्वीसच्या सव्वीस, पाच बोटांत. आत्यांना ते बघवेना. "एका हाताने बोलतो आणि दुसऱ्या हाताने बिस्किटं खातो! हे काय बोलणं झालं?" त्यांनी त्याचं नावच बिस्किट ठेवलं. त्याचंही म्हणणं होतं की दोन हात लागणारी माणसं हातातला कप खाली ठेवल्याशिवाय साधं 'हो' म्हणू शकत नाहीत, अशांचा चहा नेहमी गारच होणार. हे भांडण तीन-चार महिने चाललं. एकदा मी आत्यांना न्यायला गेलो तर ही दोघं खिडकीशी समोरासमोर बसलेली. आत्या दोन हातांनी बोलत होत्या, तो एका हाताने, आणि अडत काहीच नव्हतं. बोलताना कुणी हटायला तयार नव्हतं, पण वाचायला मात्र दोघंही शिकली होती. मी परतीच्या बसमध्ये आत्यांना तसं म्हणालो. "मी कुठे शिकले? त्याचे हात सारखे समोर असतात, काय करणार," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

त्याच सुमारास इथल्या सरकारने हातांच्या भाषेला देशाची अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. क्लबात केक कापला. आत्या केकचा तुकडा रुमालात बांधून घरी घेऊन आल्या आणि मंदारला कागदावर लिहून कारण सांगितलं. मंदार इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाला, "अरे वा, स्वीट ॲज," आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. देशाच्या संसदेला जे जमलं ते हिल्सबरोच्या त्या घराला जमलं नाही. उलट गुरुवार टोचायला लागला. गुरुवारी नीलला किंडीतून, म्हणजे बालवाडीतून, आणायला वहिनींना लवकर निघावं लागे. "आपण हिला इथे कशाला आणलंय?" असं त्या एकदा स्वयंपाकघरात म्हणाल्या. आत्या तिथेच भांडी पुसत होत्या. "हळू," मी म्हणालो. "तिला काय कळतंय," मंदार म्हणाला.

नील शाळेत जायला लागला तशी आत्यांची गरज संपली. एका शनिवारी मंदार माझ्या खोलीत आला. आत्यांचा व्हिसा संपतोय, वाढवायचा नाही, असं त्याने आणि वहिनींनी ठरवलं होतं. त्यात काही विशेष नव्हतं. पण पुण्यातलं घर ज्या इमारतीत होतं ती पाडून नवीन बांधणार होते, वडील नाशिकला थोरल्या मुलाकडे गेले होते आणि आत्यांसाठी तळेगावजवळ एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती. "तिला इथे सांगितलं तर ती तमाशा करेल. त्या क्लबवाल्यांना घेऊन येईल. तिथे पोचल्यावर बाबा सांगतील नीट. तुला तिची ती भाषा येते म्हणून आधीच सांगतोय, तू काही बोलू नकोस." मी म्हणालो, "पण मंदार, त्यांची खोली..." तो म्हणाला, "हा आमच्या घरातला प्रश्न आहे." मला नोकरी त्याने लावून दिली होती, राहत त्याच्या अंगणात होतो. मी मान हलवली. इतक्या सहज हलवली की आजही मला माझी मान आवडत नाही.

दोन दिवसांनी आत्या माझ्या खोलीच्या पायरीवर येऊन बसल्या. पायांत वहिनींच्या जुन्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात काहीच नाही. मी बाहेर आलो तर त्यांनी सरळ विचारलं, "पुण्यात माझी खोली आहे ना?"

तोंडाने खोटं बोलायला फार काही लागत नाही. तोंड उघडलं की आपोआप बाहेर पडतं, आणि पडल्यावर हवेत विरून जातं. बोटांनी खोटं बोलायचं तर ते एकेक अक्षर मांडावं लागतं. समोरचा माणूस डोळे न हलवता बघत असतो, आणि आपणही आपले हात बघत असतो. मी लिहिलं, "रूम." मग लिहायला घेतलं, "सेम." दोन करंगळ्या अडकवल्या, एस. अंगठ्याला बोट लावलं, ए. तळव्यावर तीन बोटं ठेवली, एम. शेवटच्या ईला माझं बोट चुकून मधल्या बोटावर पडलं. आत्यांनी लगेच माझा हात धरला, बोट उचललं आणि तर्जनीच्या टोकावर नेऊन ठेवलं. माझं खोटं त्यांनी स्वतःच्या हाताने शुद्ध करून घेतलं. मग हसल्या. इतक्या मोकळ्या हसल्या की मला वाटलं आता सांगून टाकावं. "मला उगाच काहीतरी वाटलं," त्या म्हणाल्या. "खोली आहे तर मग ठीक आहे. सहा महिन्यांनी परत येईन. बिस्किटला सांगून ठेवलंय." आणि उठून कपडे वाळत घालायला गेल्या.

विमानतळावर इराने दोन्ही हातांनी काहीतरी लिहिलं, आत्यांनी उत्तर दिलं, मंदारने घड्याळ बघितलं. मी ट्रॉली ढकलत होतो. दोन्ही हात ट्रॉलीवर ठेवले की बोलायची जबाबदारी राहत नाही, हे मला तेव्हा कळलं.

तीन-चार आठवड्यांनी दारात तो कॅनडाचा म्हातारा उभा. पत्ता शोधत, दोन बस बदलून आला होता. एका हाताने भराभर काही विचारू लागला, मला त्यातलं एक अक्षर कळेना. मी माझी दोन हातांची अक्षरं करून दाखवली. ती मात्र त्याला सगळी वाचता आली. कुणाकडून शिकला हे मला ठाऊक होतं. शेवटी त्याने खिशातून वही काढली. "ती पोचली का? पत्र नाही." मी त्याच वहीत सगळं खरं लिहिलं; खोली नसल्याचं, आश्रमाचं, माझ्या खोट्याचंसुद्धा. एकदा खोटं बोलून झाल्यावर खरं बोलायला मला काही अडचण आली नाही. त्याने ते दोनदा वाचलं. मग खाली लिहिलं, "आमच्यात व्हिसाची कामं जाणणारी बाई आहे. आम्ही काहीतरी केलं असतं. निदान तिला तोंडावर नाही म्हणायची संधी मिळाली असती." वही मिटून गेला. बस यायला वेळ होता, तरी थांबला नाही.

आत्यांचं पत्र दोन महिन्यांनी आलं, त्यालाही आणि मलाही. माझं पत्र छोटं होतं. अक्षर छापल्यासारखं, एकही खाडाखोड नाही. "आश्रम बरा आहे. जेवणात मीठ नसतं. तुला एक सांगायचं होतं. मंदार फोनवर 'आश्रम' म्हणाला ते मी त्याच्या ओठांवर वाचलं होतं. बरोबर वाचलं होतं. पण ओठांवरचं अर्धंच दिसतं, अर्धं आपण अंदाजाने धरतो. बोटं पूर्ण दिसतात. म्हणून मी माझं चूक आणि तुझं बरोबर धरलं." खाली 'आशीर्वाद' आणि सही. शिवी दिली असती तर मी ती कधीच विसरून गेलो असतो.

त्यानंतरच्या महिन्यात मी मंदारची खोली सोडली. उशिरा सुचलेला शहाणपणा, पण सोडली. दोन वर्षांनी सुट्टीवर भारतात गेलो तेव्हा तळेगावला उतरून आश्रम शोधत गेलो. आत्या व्हरांड्यात पाच-सहा म्हाताऱ्या जमवून बसल्या होत्या. म्हातारपणाने कान गेलेल्या, मशीन लावून कंटाळलेल्या बायका. आत्या त्यांना डाव्या हाताची पाच बोटं शिकवत होत्या. एकीची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, ती ओ करायला गेली की यू होई, आणि बाकीच्या पोट धरून हसत. मला बघून आत्यांनी वर्ग सोडला. मी वाक्य ठरवून गेलो होतो, सगळं स्पेलिंग पाठ केलेलं. पहिली दोन अक्षरं करेपर्यंत त्यांनी माझे हात खाली केले. "चालत जाऊ," त्या म्हणाल्या.

फाटकापासून एसटीच्या थांब्यापर्यंत त्या मला सोडायला आल्या. त्यांनी ऑकलंडचं सगळं विचारलं. म्हातारा बरा आहे का, पत्रात तब्येतीचं खरं लिहीत नाही, थंडीत मोजे घालतो का. क्लबातल्या मुलींची लग्नं झाली का. मग थांब्याच्या कठड्यावर बसल्यावर, पदराने चेहरा पुसून, त्यांनी विचारलं, "इरा माझी आठवण काढते?"

येण्याआधी मी मंदारकडे जाऊन आलो होतो. इरा आता दहा वर्षांची, नेटबॉलला निघालेली. मी तिला बोटांनी काहीतरी लिहून दाखवलं तर ती हसून म्हणाली, "ओह, आय फरगॉट ऑल दॅट." समोर आत्या माझ्या हातांकडे बघत होत्या. 'हो' लिहायला मला काहीच पडलं नसतं. मी डाव्या तळव्यावर दोन बोटं ठेवली, मग अनामिकेच्या टोकाला बोट टेकवलं. एन. ओ.

आत्यांनी मान हलवली, जवळ सरकून बसल्या आणि आश्रमातल्या आचाऱ्याबद्दल सांगायला लागल्या: त्याला वरण कसं येत नाही, त्याच्या बायकोचं त्याच्याशी कसं पटत नाही, आणि तो भाजीच्या हिशेबाच्या वहीत 'कोथिंबीर' कशी चार तऱ्हांनी लिहितो. चारची एसटी आली आणि गेली. मी उठलो नाही. साडेपाचची आली, तेव्हा त्यांचं कुठे अर्धं झालं होतं. कंडक्टरने आमच्याकडे बघून घंटी वाजवली आणि गाडी पुढे नेली.